सुट्टीचा रस्ता, युद्धाचा वारसा

१/
मेलबर्नच्या विमानतळावर उतरावे, भाड्याची मोटार ताब्यात घ्यावी आणि किनारा गाठल्यावर समुद्र डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे निघावे. ऑस्ट्रेलियातील ‘ग्रेट ओशन रोड’ची सफर आज इतकी सोपी झाली आहे, की तिच्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. पण या सोपेपणासाठी तीन गोष्टी आधी अस्तित्वात याव्या लागल्या : परक्या देशात मोटार चालवण्याची अनुज्ञा, अनोळखी माणसाच्या हाती आपली मोटार सोपवणारा व्यवसाय आणि केवळ पाहण्यासाठी जावे असा रस्ता. या तिन्हींचा माग काढत गेले, की प्रत्येक वाट कोठे ना कोठे महायुद्धाला जाऊन मिळते. आजचा धागा त्याविषयी.

२/
आधी अनुज्ञेची गोष्ट. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात मोटार ही धनिकांची हौस होती. परदेशी फिरायला जाणारा धनिक आपली मोटारही सोबत नेई. सीमेवर त्याला दोन अडचणी येत. पहिली नियमांची. प्रत्येक देशाचा परवाना निराळा, वाहनाच्या क्रमांकाची पद्धत निराळी. दुसरी जकातीची. सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने मोटार हा मौल्यवान आयात माल होता. प्रवासी ती परत नेईल की इथेच विकून मोकळा होईल, याची खात्री कोण देणार? म्हणून अनामत रक्कम भरावी लागे, किंवा एखाद्या नामांकित मोटार-क्लबाची हमी दाखवावी लागे.

३/
११ ऑक्टोबर १९०९ रोजी पॅरिसमध्ये मोटार वाहतुकीसंबंधीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. वाहन आणि त्याचा चालक योग्य आहेत असे एका देशाने प्रमाणित केले, की इतर सदस्य देशांनी ते मान्य करायचे, हे त्याचे मुख्य सूत्र. मोटारीच्या मागे देशाची अक्षरे असलेली लंबवर्तुळाकार पाटी लावण्याची पद्धतही यातूनच रूढ झाली. रस्त्यावरच्या धोक्यांसाठी चार समान चिन्हे ठरली : खाचखळगे, वळण, चौक आणि रेल्वेचे फाटक. भाषा येत नसलेल्या प्रवाशालाही रस्ता वाचता यावा, ही कल्पना इथे प्रथमच करारबद्ध झाली.

४/
पाच वर्षांतच युरोपच्या सीमा प्रवाशांना बंद झाल्या आणि सैन्यांना खुल्या. भाड्याच्या मोटारीही युद्धात ओढल्या गेल्या. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या जवळ आल्या, तेव्हा शहरातील सुमारे सहाशे टॅक्सींनी फ्रेंच सैनिकांना मार्नच्या आघाडीकडे पोहोचवले. इकडे म्युनिकमध्ये मार्टिन सिक्स्ट यांनी १९१२ साली तीन मोटारींनिशी भाड्याचा व्यवसाय सुरू केला होता. त्यांचे ग्राहक म्हणजे सहलीस आलेले इंग्रज आणि अमेरिकन श्रीमंत. युद्ध सुरू होताच सैन्याने त्यांच्या मोटारी ताब्यात घेतल्या. जी वाहने सृष्टिसौंदर्य दाखवायला निघाली होती, ती युद्धाच्या कामाला जुंपली गेली.

५/
त्याच वेळी अटलांटिकच्या पलीकडे, जिथे युद्ध अजून पोहोचले नव्हते तिथे, स्वतः चालवायच्या भाड्याच्या मोटारींचा धंदा रुजत होता. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ १९०८ साली बाजारात आली होती आणि दरवर्षी स्वस्त होत होती. नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात जो सॉन्डर्स यांनी १९१६ साली आपली मॉडेल टी भाड्याने द्यायला सुरुवात केली. चाकाला अंतर मोजणारे यंत्र लावायचे आणि मैलामागे दहा सेंट घ्यायचे, असा त्यांचा हिशेब. पहिला गिऱ्हाईक एक फिरता विक्रेता होता आणि गावातल्या एका तरुणीला फिरवण्यासाठी त्याला गाडी हवी होती, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, या धंद्याचे मर्म ती नेमके पकडते : मोटारीची मालकी नको, तिच्यासोबतचे चार तास हवेत.

६/
१९१८ साली शिकागोत वॉल्टर जेकब्स या तरुणाने बारा मॉडेल टी घेऊन असाच व्यवसाय मांडला. गाड्यांची दुरुस्ती तो स्वतःच करी. १९२३ साली ‘यलो कॅब’चे जॉन हर्ट्झ यांनी तो विकत घेतला आणि त्यांचे नाव पुढे जगभर गेले. तरीही आरंभीची काही वर्षे या व्यवसायाकडे संशयाने पाहिले जाई. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. चोरट्या दारूची ने-आण करणाऱ्यांना आणि दरोडेखोरांना दुसऱ्याच्या नावावरची मोटार सोयीची होती. म्हणून मोटार देताना गिऱ्हाइकाची ओळख पटवणे आणि अनामत घेणे अटळ झाले. आज मोटार घेताना आपल्या कार्डावर काही रक्कम रोखून ठेवली जाते, तिचे मूळ या जुन्या सावधगिरीत आहे.

७/
आता तिसरी गोष्ट, रस्त्याची. तिच्यासाठी पहिल्या महायुद्धानंतरच्या ऑस्ट्रेलियात जावे लागेल. तेव्हा या देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत होती. त्यांतील चार लाखांहून अधिक पुरुष सैन्यात दाखल झाले आणि साठ हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. गॅलिपोलीत, फ्रान्समध्ये, बेल्जियममध्ये पडलेल्यांचे देह मायदेशी आणायचे नाहीत, असे ब्रिटिश साम्राज्याचे धोरण होते. त्यामुळे घरच्यांना फुले वाहायला समाधीही नव्हती. गावोगावी स्मारके उभी राहिली ती या पोकळीतून. दुसरीकडे जे जिवंत परतले, त्यांना काम हवे होते.

८/
व्हिक्टोरिया राज्याच्या ग्रामीण रस्ते मंडळाचे अध्यक्ष विल्यम कॅल्डर यांनी परतणाऱ्या सैनिकांना रस्तेबांधणीत काम द्यावे, असा प्रस्ताव मांडला. जिलाँग शहराचे महापौर आणि व्यापारी हॉवर्ड हिचकॉक यांनी त्याला स्मारकाची कल्पना जोडली : किनाऱ्याने जाणारा रस्ता सैनिकांनीच बांधायचा, तो युद्धात पडलेल्या त्यांच्या सोबत्यांच्या नावे अर्पण करायचा, आणि पुढे त्याच रस्त्याने पर्यटक आले की किनाऱ्यावरच्या वस्त्याही जगतील. १९१८ साली त्यासाठी विश्वस्त मंडळ स्थापन झाले. हिचकॉक यांनी स्वतःचे तीन हजार पौंड घातले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या रस्त्यावर पर्यटन मागाहून आलेले नाही. शोक, रोजगार आणि सहल हे तिन्ही हेतू त्याच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून एकत्र होते.

९/
तो किनारा तेव्हा कसा होता? ऑटवे डोंगररांगा थेट समुद्रात उतरतात. वर घनदाट अरण्य, खाली खडक आणि दक्षिण महासागराच्या लाटा. लॉर्नसारख्या वस्तीला जायचे तर डोंगरातल्या कच्च्या वाटेने घोडागाडीतून, नाहीतर समुद्रमार्गे. पण ‘निर्जन’ हा शब्द या प्रदेशाला लावताना जपून वापरावा. ऑटवेच्या परिसरात गादुबानुद आणि पूर्वेकडे वादावुरुंग हे आदिवासी समाज हजारो वर्षे नांदत होते. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांची हिंसा आणि त्यांच्यासोबत आलेले रोग यांनी त्यांची वाताहत केली. नकाशावर जी जागा रिकामी दिसत होती, ती रिकामी केली गेली होती. रस्त्याच्या इतिहासातले हे पान बराच काळ उलटले गेले नाही.

१०/
१९ सप्टेंबर १९१९ रोजी काम सुरू झाले. सुमारे तीन हजार माजी सैनिक वेगवेगळ्या काळात त्यावर राबले. आठ तासांच्या दिवसाला दहा शिलिंग सहा पेन्स मजुरी होती. राहणे तंबूंच्या छावणीत. करमणुकीसाठी छावणीत पियानो, ग्रामोफोन, खेळ आणि वर्तमानपत्रे पुरवली होती. यंत्रे मात्र नावापुरतीच. कड्याला सुरुंग लावायचा आणि फुटलेला खडक कुदळ, फावडे आणि एकचाकी हातगाडीने हलवायचा. खंदक खणण्याची सवय झालेल्या हातांत पुन्हा तीच अवजारे आली. दरडी आणि कडे यांनी काहींचे बळी घेतले. युद्धातून वाचलेली माणसे युद्धस्मारक बांधताना मरण पावली, ही या रस्त्याची सर्वांत जड गोष्ट आहे.

११/
सुरुंगाच्या नाजूक टोप्या, म्हणजे डिटोनेटर, गाडीतून नेताना हादरे बसू नयेत म्हणून माणसे त्या आपल्या मांडीवर घेऊन बसत, असे सांगतात. वाहनातली तेवढीच जागा मऊ! दुसरा किस्सा १९२४ सालचा. ‘कसिनो’ नावाची आगबोट केप पॅटनजवळ खडकाला लागली. बोट हलकी करण्यासाठी पाचशे पिंपे बिअर आणि मद्याच्या एकशे वीस पेट्या समुद्रात टाकाव्या लागल्या. लाटांनी तो माल किनाऱ्याला लावला आणि जवळच्या छावणीतल्या कामगारांना पुढचे दोन आठवडे अघोषित सुट्टी मिळाली. गॅलिपोली आणि फ्रान्स पाहून आलेल्या माणसांना ही भेट कोणी नाकारायला सांगितली असती, तर ऐकले असते का, हा प्रश्नच आहे.

१२/
ईस्टर्न व्ह्यू ते लॉर्न हा टप्पा मार्च १९२२ मध्ये खुला झाला. विश्वस्त मंडळाने खर्च भरून काढण्यासाठी पथकर बसवला. सैनिकांच्या स्मारकावर जायला टोल भरावा लागतो, ही विसंगती तेव्हाच्या लोकांनाही जाणवली असेल, पण पैसा दुसरीकडून येत नव्हता. रस्ता तरी कसा? कित्येक ठिकाणी एकच मोटार जेमतेम मावेल इतका अरुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि समोरून कोणी आले तर बाजूला होण्याच्या जागा मोजक्या. पुढच्या दहा वर्षांत लॉर्न ते अपोलो बे हा अवघड भाग कोरून काढला गेला.

१३/
२६ नोव्हेंबर १९३२ रोजी लॉर्न येथे संपूर्ण रस्त्याचे उद्घाटन झाले. हॉवर्ड हिचकॉक यांचे तीनच महिने आधी, ऑगस्टमध्ये, हृदयविकाराने निधन झाले होते. मिरवणुकीत राज्यपालपदाचा कार्यभार पाहणाऱ्या सर विल्यम आयर्विन यांच्या मोटारीमागे हिचकॉक यांची मोटार त्यांच्यावाचून चालवली गेली. १९३६ साली रस्ता राज्य सरकारच्या हाती सोपवला गेला आणि पथकर रद्द झाला. ईस्टर्न व्ह्यूची स्मारक-कमान १९८३ च्या ‘ॲश वेन्सडे’ वणव्यात जळाली आणि पुन्हा उभारली गेली. आज तिच्या शेजारी कामगार-सैनिकांचा पुतळा आहे. बहुतेक प्रवासी तिथे थांबतात, छायाचित्र काढतात आणि पुढे निघतात.

१४/
इथे थोडे आपल्याकडे पाहू, कारण युद्ध तेच होते. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाचे शेहेचाळीस जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. पुढे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. महाराष्ट्रातील अनेक गावांत आजही भिंतीत बसवलेली एक पाटी दिसते. या गावातून महायुद्धाला इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा इंग्रजीतला मजकूर. नावे नाहीत, फक्त आकडे. आणि भाषाही अशी, की मेलेल्यांच्या आयांना ती वाचता आली नसती. ऑस्ट्रेलियात परतलेल्या सैनिकांनी आपल्या सोबत्यांचे स्मारक स्वतः बांधले. इथे सरकारने संख्या लिहून काम आटोपले. एकाच साम्राज्याच्या सैन्यातील स्मरणाचे हे दोन दर.

१५/
पुन्हा परवान्याकडे. १९०९ च्या व्यवस्थेत मोटार आणि चालक यांचा दाखला एकाच प्रवासपत्रात बांधलेला होता. म्हणजे कल्पना अशी, की परदेशी जाणारा माणूस आपलीच मोटार घेऊन जाणार. एप्रिल १९२६ मध्ये पॅरिसमध्येच झालेल्या नव्या कराराने हे दोन कागद वेगळे केले : वाहनाचे प्रमाणपत्र एक, चालकाचा आंतरराष्ट्रीय परवाना दुसरा. हा बदल वरवर कारकुनी वाटतो. पण चालकाची पात्रता एकदा मोटारीपासून सुटी झाली, की तो परदेशात दुसऱ्याची मोटारही चालवू शकतो. आज परदेशी भाड्याची मोटार घेता येते, त्याचा कायदेशीर पाया हाच.

१६/
तरीही सागर ओलांडून जाणारा सामान्य प्रवासी अजून जन्मायचा होता. त्याला जन्म दिला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या विमानवाहतुकीने. डेट्रॉइटजवळ विलो रन येथे फोर्ड कंपनीने युद्धकाळात प्रचंड कारखाना उभारून आठ हजारांहून अधिक ‘बी-२४ लिबरेटर’ बॉम्बफेकी विमाने तयार केली. त्यांच्यासाठी बांधलेला विमानतळ युद्धानंतर प्रवाशांसाठी खुला झाला. तिथेच १९४६ साली वॉरन एव्हिस या माजी वैमानिकाने मोजक्या मोटारी घेऊन भाड्याचा व्यवसाय थाटला. तोवर असे व्यवसाय प्रामुख्याने शहराच्या मध्यभागी असत. विमानातून उतरलेल्या माणसाला विमानतळावरच मोटार हवी असते, हे त्याने वैमानिक म्हणून अनुभवले होते. बॉम्बफेकी विमानांच्या धावपट्टीशेजारी सहलीच्या मोटारी उभ्या राहिल्या.

१७/
१९ सप्टेंबर १९४९ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जिनिव्हात रस्ते वाहतुकीचा नवा करार झाला. योगायोग असा, की ग्रेट ओशन रोडचे काम सुरू झाले त्याला त्याच दिवशी तीस वर्षे पूर्ण होत होती. भारत आणि ऑस्ट्रेलिया दोन्ही या कराराचे सदस्य आहेत. आपल्या आरटीओतून मिळणारे करड्या रंगाचे परवाना-पुस्तक याच कराराचे अपत्य. ते एक वर्ष चालते आणि मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरले जाते, कारण ते त्या परवान्याचे अनेक भाषांतील अधिकृत रूप असते. १९६८ साली व्हिएन्नात आणखी एक करार झाला. त्यामुळे कोणत्या देशात कोणता नमुना चालतो, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे लागते.

१८/
ऑस्ट्रेलियात आपल्याला एक गोष्ट ओळखीची वाटते : वाहने डावीकडून चालतात. दोन्ही देशांना ही सवय ब्रिटिश अमलातून मिळाली. पण जगातील बहुसंख्य देश उजवीकडून चालतात. म्हणून ग्रेट ओशन रोडवर ठिकठिकाणी ‘ऑस्ट्रेलियात डावीकडून चालवा’ अशा पाट्या आणि डांबरावर रंगवलेले बाण दिसतात. विश्रांतीसाठी थांबलेला परदेशी चालक पुन्हा निघताना सवयीने भलत्याच बाजूला जातो आणि वळणावर समोरासमोर टक्कर होऊ शकते. १९०९ साली चार चिन्हांनी सुरू झालेला संवाद इथे अजून चालूच आहे. कागदावर परवाना मिळाला, तरी हाताची सवय सीमेवर बदलून मिळत नाही.

१९/
आज तॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंतचा हा मार्ग २४३ किलोमीटरचा आहे. २०११ साली त्याला ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत स्थान मिळाले. मार्गावरील ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ हे चुनखडीचे सुळके पाहायला जगभरातून लोक येतात. पण ते दृश्यही स्थिर नाही. ‘लंडन ब्रिज’ नावाच्या नैसर्गिक कमानीचा जमिनीकडचा भाग १५ जानेवारी १९९० रोजी कोसळला आणि टोकावर अडकलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. जुलै २००५ मध्ये अपॉसल्सपैकी एक सुळका पडला. २०१५ च्या नाताळात वाय रिव्हर परिसरात वणव्याने शंभराहून अधिक घरे जाळली. झाडे गेलेल्या उतारांवर पुढे दरडींचे भय वाढले. कडा फोडून बांधलेला रस्ता सतत राखावा लागतो. त्याचे बांधकाम एका अर्थाने संपलेलेच नाही.

२०/
परदेशातील रस्त्यावर मोटार हाकताना वाटणारे स्वातंत्र्य खरेच असते. त्याचे मोल मात्र पूर्वी इतरांनी चुकते केलेले असते : कोणी कराराच्या कलमांवर घासाघीस करून, कोणी कड्याला लोंबकळून सुरुंग लावून. सहलीला जाणाऱ्याने त्यासाठी खिन्न व्हावे असे नाही. हिचकॉक यांना त्या रस्त्यावर आनंदाने फिरणारी माणसेच हवी होती. एवढेच करावे, की ईस्टर्न व्ह्यूच्या कमानीखालून जाताना क्षणभर थांबून तिच्यावरचा मजकूर वाचावा.

२१/
आणि ऑस्ट्रेलिया दूर असेल, तर आपल्या गावची चावडी, जुनी शाळा किंवा देवळाची भिंत पाहा. १९१४-१९१९ अशी वर्षे कोरलेली संगमरवरी पाटी सापडली, तर तिचे छायाचित्र आणि गावाचे नाव या धाग्याखाली जरूर द्या. पाटीवर फक्त आकडा असेल. त्या आकड्यातली नावे अजून घरोघरच्या आठवणींत, एखाद्या पेटीतल्या पदकावर किंवा पेन्शनच्या जुन्या कागदात असू शकतात. ती विचारायला आजी-आजोबांकडे जाण्याची वेळ हीच आहे.